ओटीवरची शंभरी

बाय गं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुमच्या उरणकडच्या जासईच्या घराला शंभर वर्षं होतायत. थोरल्या भाऊजींनी सत्यनारायण, दारात मांडव, चार पुढाऱ्यांचे सत्कार आणि गावजेवण असा बेत ठरवलाय. तुझ्या मनात मात्र रुखरुख आहे, की एवढं सगळं होऊनही घराविषयी कुणाला काही कळणारच नाही. तुझी रुखरुख खरी आहे. पण भाऊजींशी भांडू नकोस. पूजा होऊ दे, जेवण होऊ दे. शंभर पावसाळे ज्या घरानं माणसं सांभाळली त्याच्या दारात चार पंगती उठायलाच हव्यात. तू फक्त त्या दिवसाच्या आधीचे महिने आपल्या हातात घे. खरं काम त्या महिन्यांत आहे, आणि ते तू चांगलं करशील, कारण तू त्या घरात सून म्हणून आलीस. घरातच जन्मलेल्या माणसाला खांब दिसत नाही, तो त्याला टेकून बसलेला असतो.

सगळ्यात आधी साल पक्कं कर. तू म्हणतेस माजघराच्या तुळईवर शके १८४८ कोरलंय. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन मिळतं, म्हणजे १९२६. पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. वास्तुशांत माघात झाली असेल तर १९२७ धरावं लागेल. सासूबाईंना तारीख ठाऊक नसणार, त्यांना तारीख विचारूच नकोस. भात झोडून झालं होतं का, शिमगा व्हायचा होता का, आंब्याला मोहोर होता का, असं विचार. जुन्या बायकांचं पंचांग शेतावरून चालायचं आणि ते सहसा चुकत नाही.

मग शाकारणीच्या वेळी एक कौल खाली मागव आणि उलटं करून बघ. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव ठसठशीत उठवलेलं असतं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला, आणि त्यांच्या कौलांवर बऱ्याचदा १८६५ हाच आकडा दिसतो. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल असतं, कौल भाजल्याचं नाही. तो आकडा बघून कुणी हौशी पाहुणा तुमचं घर साठ वर्षांनी म्हातारं करील, तेव्हा हे लक्षात ठेव. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं हे कारखाने मिशनकडून काढून घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. कौलावर कॉमनवेल्थ असं नाव निघालं, तर ते कौल त्या युद्धानंतरचं, आणि तुमच्या तुळईवरच्या शकाशी ते छान जुळतं. एकाच छपरावर तीन-चार कारखान्यांची कौलं सापडतील, कारण दर पावसाळ्याआधी फुटकी काढून मिळेल ती नवी बसवलेली असतात. प्रत्येक नमुन्याचं एकेक कौल धुऊन, पुसून ओटीवर ओळीनं मांडून ठेव. पोरं ती उलटीपालटी करून बघतील, नावं वाचतील. ब्रिटिश अमदानीतला व्यापार पोरांच्या हातात देण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

कागदही बघायचे. ग्रामपंचायतीत घरपट्टीची आकारणी असते, तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार असतात, भूमी अभिलेखात गावठाणाचा नकाशा असतो. जुन्या कागदावर रायगड जिल्हा शोधू नकोस, तिथं कुलाबा असेल. रायगड हे नाव १९८१ चं. काही नोंदी मोडीत निघतील. घाबरू नकोस. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, त्यामुळे वाचणारी माणसं आता मिळतात. तुझ्या भाचीला सुट्टीत त्या वर्गाला घाल. घरातल्या कुणाला तरी आपल्या पणजोबांची सही वाचता यायला हवी.

आता जरा वेगळं बोलते. सालापेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुझ्या मेसेजमध्ये दहा वेळा आलंय, की आजेसासऱ्यांनी घर बांधलं. बांधलं म्हणजे पैसा घातला, दिशा ठरवली, नारळ फोडला. पण जोत्याचे दगड कुणी फोडले? तुळया रंध्यानं कुणी साफ केल्या? माती तुडवून भिंती कुणी उभ्या केल्या, भुई कुणी चोपली, पहिलं सारवण कुणाच्या हातचं? शंभरीच्या दिवशी एकट्या आजेसासऱ्यांच्या तसबिरीला हार पडला, तर बाय, घराची अर्धी गोष्ट तिथंच बुडाली. सुतारांचं घराणं आजही पंचक्रोशीत कुठं असेल, गवंडी कुठल्या गावचे होते हे कुणाला तरी आठवत असेल. त्यांच्या नातवंडांना निमंत्रण दे, आणि ते पत्रिका पाठवून नको, घरी जाऊन दे. त्यांनी येऊन आपल्या आजोबांच्या हातच्या खाचा बघाव्यात. मानाची पहिली सुपारी त्यांना मिळाली तर भाऊजींचा मान कमी होत नाही.

त्या तुळईकडे नीट बघ. सागाचं एवढं लांब, सरळ लाकूड आलं कुठून? ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्यानं रान राखीव करून टाकलं होतं. ज्या डोंगरातून माणसं पिढ्यान् पिढ्या लाकूडफाटा, गवत, करवंदं आणत, तिथं पाऊल टाकलं की गुन्हा. तुमच्या घराची कौलं जेमतेम चार पावसाळे भिजली असतील, तेवढ्यात तुमच्या शेजारी चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबर १९३०. आजूबाजूच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली आणि तिथं गोळीबार झाला. आठ जण हुतात्मे झाले. त्यांत आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. त्या दिवशी तुमच्या ओटीवर कोण बसलं होतं? बातमी कुणी आणली? घरातलं कुणी गेलं होतं का? कदाचित कुणी गेलंही नसेल. तसं असलं तरी तेही लिहून ठेव. पदरचा पराक्रम घालू नकोस. गावातली म्हातारी माणसं ऐकत असतात, आणि एक खोटी गोष्ट सापडली की उरलेल्या नव्व्याण्णव खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो.

घर बांधलं त्याच सुमाराला, २० मार्च १९२७ ला, याच कुलाबा जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. म्हणून आणखी एक प्रश्न मी तुला विचारायला सांगणार आहे, आणि तो विचारताना तुझी जीभ अडखळेल. तुमच्या ओटीवर कुणाला बसायला मिळायचं आणि कुणाला अंगणातच उभं राहावं लागायचं? मागच्या विहिरीवर कोण पाणी भरायचं, आणि कुणाला वरून ओतून दिलं जायचं? घरातल्या म्हाताऱ्यांना हे खोलीत, एकांतात, मायेनं विचार. चारचौघांत माईक पुढं करून विचारू नकोस. आणि वस्तीवरच्या एखाद्या आजीलाही विचार, कारण अंगणात उभं राहिलेल्या माणसाला जे आठवतं ते ओटीवर बसलेल्याला आठवत नाही. जे निघेल ते कार्यक्रमात कसं मांडायचं ते नंतर ठरवू. पण त्या दिवशी त्या आजीला ओटीवर, सासूबाईंच्या शेजारी खुर्ची द्यायची, एवढं मात्र आत्ताच ठरवून टाक.

तू विचारलंस, अशी घरं लोक कशी साजरी करतात. लांब कशाला जातेस, शिरढोणला जाऊन ये. पळस्पे फाट्यावरून गोवा हायवेला लागलीस की कर्नाळ्याच्या अलीकडे गाव आहे. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म तिथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि त्याच घराण्यातला नातू पुढे पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करायला लागला. मग १८७६-७७ चा दुष्काळ त्यानं डोळ्यांनी पाहिला, आणि १८७९ मध्ये रामोशी, कोळी, धनगर अशा माणसांना बरोबर घेऊन बंड उभारलं. त्यांचा साथीदार दौलतराव नाईक यानं मे महिन्यात पळस्प्यापर्यंत धाड घातली होती. आज आपण ज्या पळस्प्याला एसटी बदलतो तेच. जुलैत फडके पकडले गेले, जन्मठेप झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला दूर एडनच्या तुरुंगात ते गेले.

फेब्रुवारीत शिरढोणला त्यांचा स्मृतिदिन होतो. शाळेची पोरं, गावकरी, बाहेरून आलेली माणसं जमतात. तू जा, आणि तिथं भाषणांपेक्षा पोरांकडे लक्ष ठेव. घराच्या उंबऱ्यात उभं राहून, हा माणूस इथं रांगला असं सांगितलं, की त्यांचे चेहरे बदलतात. पुस्तकातला धडा आणि पायाखालची जमीन एक होते. आणि २०२९ मध्ये त्या उठावाला दीडशे वर्षं होतील. पनवेल-उरणच्या माणसांनी त्याची तयारी आत्तापासून करायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरी या वर्षी जमलेल्या बाया आणि पोरं मुलाखती घ्यायला, कागद वाचायला शिकली, तर २०२९ ला शिरढोणलाही त्यांचा उपयोग होईल.

तू म्हणशील, आमच्या घरात कुणी क्रांतिवीर झाला नाही, कोण येणार बघायला? रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठव. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणलं. राजवाडा बांधून झाला १९१० ला, आणि १९१६ मध्ये राजा गेला. लोक तिथं राजा बघायला जातात, पण रत्नागिरीकरांच्या मनात घर करून राहिली ती टूटू. थिबाच्या थोरल्या मुलीला राजवाड्यावर नोकरीला असलेल्या एका स्थानिक माणसापासून झालेली ही लेक. ती रत्नागिरीतच गरिबीत, मराठी बोलत जगली आणि तिथंच म्हातारी झाली. राजवाड्याच्या नोंदींत तिला फारशी जागा नाही, पण तिच्याशिवाय त्या राजवाड्याची गोष्ट पुरी होत नाही. तुमच्या घरातही अशी एखादी टूटू असेल. माहेरी परत आलेली आत्या असेल, कायम चुलीपुढं राहिलेली काकू असेल, गुरं राखायला ठेवलेला पोरगा असेल जो पुढे घरचाच झाला. तिला किंवा त्याला शोध.

आणि जासईच्या घराची गोष्ट जासईची म्हणूनच सांगायला हवी. तुझ्या लक्षात आलंय का, तुमचं घर आणि प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील एकाच वयाचे! दि. बां.चा जन्म जासईचाच, १३ जानेवारी १९२६ चा. नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० ला. मग शेतं गेली, मिठागरं गेली, खारीचे बांध गेले, सातबाऱ्यावरून नावं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं. १६ आणि १७ तारखेला दास्तान फाटा आणि पागोटे-नवघरच्या बाजूला गोळीबार झाले आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली ती या लढ्यातून. पुढं १९८९ ला न्हावा-शेवा बंदर चालू झालं, आणि आता तुमच्या गावाच्या उशाशी अटल सेतू येऊन उतरतो.

या सगळ्यात जमीन गेली पण गावठाण राहिलं, आणि गावठाणात तुमचं घर राहिलं. म्हणून या शंभरीला मी एका कुटुंबाचा सोहळा मानत नाही. आज वीस वर्षांच्या पोराला भात कुठं लावत होतो असं विचारलं, तर तो कंटेनर यार्डाकडे बोट दाखवतो. मीठ कुठं पिकत होतं ते दाखवायला तर काहीच उरलेलं नाही. पण तुमच्या माळ्यावर कणगा आहे, मागच्या पडवीत उखळ आहे, खुंटीला इरलं आहे. जी शेती सातबाऱ्यावरून गेली तिची अवजारं या घरात आहेत. ती माळ्यावरून खाली आण. नुसती टेबलावर मांडून ठेवू नकोस, पोरांकडून वापरून घे. जात्यावर बस म्हणावं, मूठभर तांदूळ दळ म्हणावं. दळताना सासूबाई आपोआप ओवी धरतील, आणि त्या धरतील तेव्हा मोबाइल आधीच चालू असू दे.

धवलारणींना विसरलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवला गाणारी बाई असायची, तिच्या गाण्यावाचून विधी पुढं सरकत नसे. आता डीजे आला, आणि ती कोपऱ्यात बसून असते. या घरात शंभर वर्षांत किती लग्नं लागली असतील, किती सुना हळदीच्या अंगानं या उंबऱ्यातून आत आल्या असतील! एक संध्याकाळ नुसती धवलारणींची ठेव. स्टेज नको, निवेदिका नको. अंगण सारवून, पाट मांडून, जसं लग्नात बसत तसं बसू दे. गाणं कुणाकडून शिकली, तिचं नाव काय, गाव कुठलं, हे प्रत्येकीकडून आधी नोंदवून घे. त्यांना साडी-खण आणि बिदागी दे, ती रोख आणि मानानं दे. आपल्याकडे कलावंत बाईला जेवायला घालून वाटेला लावायची वाईट खोड आहे. ती या घरात नको.

एकाच दिवशी सगळं उरकायचा हट्ट सोड. वर्षभरात वाट्यानं कर, आणि गावाच्या ज्या तारखा आधीच ठरलेल्या आहेत त्यांच्या आजूबाजूला कर. जानेवारीत १३ तारीख आहे, १६-१७ तारीख आहे. त्या दिवसांत हुतात्मा स्मारकावर गाव जमतंच. संध्याकाळी तुमच्या परसात पोपटी लावा. वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, भांबुर्डीचा पाला मिळतो, मडकं उलटं करून जाळ घातला की दोन तास माणसं हलत नाहीत. त्या जाळाभोवती १९८४ साली मोर्चात असलेल्या दोन-तीन माणसांना बोलतं करायचं. तेव्हा ते पंचविशीत होते, आता साठी ओलांडून गेलेत. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, तेव्हा शाळेच्या पोरांना घर दाखव. आणि २५ सप्टेंबरला तुमच्याकडे काही ठेवू नकोस, त्या दिवशी सगळ्यांनी चिरनेरला जायचं.

पण माझ्या मनातला सगळ्यात मोठा दिवस मेमधला आहे, शाकारणीचा. कौलं उतरवायची, रीप तपासायच्या, वाळवी लागलेली बदलायची, वासे झाडायचे, कौलं धुऊन पुन्हा खाचेत खाच बसवत खालून वर चढवत न्यायची. हे काम जाणणारी माणसं तुमच्या भागात आता थोडीच असतील, कारण कौलारू घरंच थोडी राहिली. त्यांना बोलव, आणि गावातल्या, उरण-पनवेलच्या तरुण पोरांना त्यांच्या हाताखाली दे. आर्किटेक्चर शिकणारी पोरं पनवेल-नवी मुंबईत भरपूर आहेत. त्यांच्या मास्तरांना आधी भेट आणि त्यांच्याकडून घराचं मोजमाप काढून घे, म्हणजे प्रत्येक खोलीचा नकाशा, जोत्यापासून आढ्यापर्यंतची उंची, दाराच्या चौकटीवरची नक्षी. त्यांना अभ्यास होईल, तुम्हाला कागद मिळेल. एक गोष्ट मात्र कडक पाळ, माळ्यावर एका वेळी चार-पाचांहून जास्त कुणी नको. शंभर वर्षांचं लाकूड आहे, आणि सेल्फीसाठी पोरं कुठंही चढतात. वायरिंगही आधी तपासून घे. जुन्या घरात जुन्या जोडण्यांवर हॅलोजनचा भार टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

फोटो आणि कागद गोळा करतानाही जपून. कुणाच्या घरातला फोटो आपल्या घरी आणू नकोस. त्यांच्या ओटीवर बसून, खिडकीपाशी नीट उजेडात मोबाइलवर काढ आणि तिथल्या तिथं परत दे. मागं कोण-कोण आहे, कुणाच्या लग्नातला, हे लगेच लिहून घे. मुलाखत घेतलीस तर ती कुठं दाखवणार ते आधी सांग आणि हो म्हणतील तेवढंच दाखव. दायादांच्या वाटण्या, कोर्टातली भांडणं, कुणाच्या घरातलं दुःख बोलण्याच्या भरात बाहेर पडेल. ते तुझ्यापाशीच राहू दे.

आता तू शेवटी दोन ओळींत लिहिलेली गोष्ट. शंभरी झाली की घर पाडून तीन मजली बांधायचं, भाड्याच्या खोल्या काढायच्या, असं घरात चाललंय. मला माहीत आहे, तुला रडू आलं असणार. मी भाऊजींना दोष देणार नाही. जमीन गेलेल्या माणसाला गावठाणातली तीन गुंठे जागाच काय ती उरली. पोरं मोठी झाली, त्यांना घरं पाहिजेत, भाड्याचा आधार पाहिजे. प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न इतकी वर्षं उगाच चाललेला नाही. बाहेरून येऊन वारसा जपा म्हणणाऱ्यांनी ही गरज कधी बघितलेली नसते. तरी तू घरात एकदा शांतपणे विचार, की पुढची ओटी आणि माजघर तसंच ठेवून मागच्या परसाच्या बाजूला बांधता येईल का. मोजमापाचा नकाशा हातात असेल तर हे बोलणं नुसतं हळवेपणाचं ठरणार नाही. मोजून, हिशेब करून बोलता येईल. मोजमाप काढणाऱ्या पोरांच्या मास्तरांनाच विचारून एक रेखाटन मागून घे. भाऊजी आकडे ऐकतात, असं तूच मागे म्हणाली होतीस.

आणि समजा नाहीच ऐकलं, घर गेलंच, तर तुळई जाऊ देऊ नकोस. शके १८४८ कोरलेला तेवढा तुकडा नव्या घराच्या दर्शनी भिंतीत बसवायचा, हे आजच सगळ्यांकडून कबूल करून घे. नकाशे, मुलाखती, धवल्याचं रेकॉर्डिंग, कौलांचे नमुने, सगळ्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक ग्रामपंचायतीत दे. घरातल्या एकाच मोबाइलमध्ये ठेवलेला वारसा तो मोबाइल पाण्यात पडेपर्यंतच टिकतो.

खर्चाचं काय, असं तू विचारशीलच. मांडवाच्या झालरी आणि फ्लेक्सवर जाणारा पैसा अर्धा केलास तरी यातलं बहुतेक सगळं निभेल. फ्लेक्स लावायचाच असेल तर त्यावर पुढाऱ्यांच्या फोटोंऐवजी घरात नांदून गेलेल्या सगळ्या सुनांची नावं छाप, माहेरच्या गावासकट. वंशावळीत लेकांची नावं असतात, सुनांची नसतात. शंभर वर्षं ही भुई सारवली कुणी? यादी करायला बसशील तेव्हा तुला कळेल, की दोन पिढ्यांपलीकडच्या बायकांची माहेरची नावं घरात कुणालाच सांगता येत नाहीत. ती तुला गावोगाव फिरून शोधावी लागतील. न्हाव्याला, गव्हाणला, चिर्ल्याला, धुतूमला, जिथून जिथून त्या आल्या तिथं. त्या गावांतले त्यांचे भाचे-नातू शंभरीला येतील, ते खरे पाहुणे.

मांडव डेकोरेटर दोन दिवसांत उभा करतो, त्याची काळजी नको. पण तुमची ती नव्वदीतली चुलत आजेसासू, जी लग्न होऊन याच घरात आली, तिच्याकडे या रविवारीच जा. सकाळी जा, तेव्हा तिला बरं वाटत असतं. कागद-पेन घे, मोबाइल चार्ज करून घे, आणि तिला आवडणारं काहीतरी डब्यात घेऊन जा. कार्यक्रमाचं काही बोलू नकोस. पहिल्या दिवशी ती या घरात आली तेव्हा चूल कुठं होती, एवढंच विचार, आणि मग ती थांबेपर्यंत तू बोलू नकोस.

तुझी ताई